त्रेसष्ट तोंडांचं गाणं

११ नोव्हेंबर, सोमवार. शहापूर, बेळगाव

पोचलो बाई एकदाच्या! तीन पिशव्या, एक ट्रंक, मी, आरोही आणि आरोहीची एका डोळ्याची बाहुली. स्टँडवर यमनाप्पा स्वतःच न्यायला आले होते. सत्तरीचे गृहस्थ, पांढरं धोतर, काळी टोपी, हातात माझ्या नावाचा पुठ्ठा. एका बाजूला मराठीत 'रचना', उलट बाजूला कन्नडमध्ये. मी कुठल्या बाजूनं वाचेन याचा नेम नाही म्हणून दोन्हीकडं लिहिलं, म्हणाले. मला हसू आलं आणि माणूस तिथंच आवडला.

घर अरुंद गल्लीत आहे. खाली साड्यांचे चार माग, वर आमच्या दोन खोल्या. माग चालू असले की फरशी पायाखाली थरथरते, आरोहीला त्याची गंमत वाटते. दुपारी एक ते तीन माग बंद असतात. त्या वेळात माझं काम आणि उरलेल्या वेळात ही वही.

यमनाप्पांनी आयुष्यभर फक्त एकाच गाण्याची रेकॉर्डिंग जमवली. 'उंबऱ्यात उभी मी कवाधरनं'. नवी नवरी माप ओलांडून घरात येते तेव्हा निपाणीपासून खानापूरपर्यंत हेच वाजतं. माझ्याही लग्नात वाजलं होतं. त्यांच्याकडं त्याच्या त्रेसष्ट तऱ्हा आहेत. त्या सगळ्या कॉम्प्युटरवर चढवायच्या आणि सूची करायची, एवढंच. गळ्याच्या ऑपरेशननंतर माझा आवाज फाटला, गाणं शिकवणं बंद झालं, पण कान अजून शाबूत आहेत. आणि आरोहीचा गळा आहे. सात वर्षांची आहे पण सूर असा स्वच्छ लावते की माझं गेलेलं मला तिच्यात परत मिळालं असं वाटतं. तेवढं जपायचं, बाकी काही नको आता.

खाली यमनाप्पांच्या थोरल्या बहीण राहतात, अक्काताई. आल्या आल्या त्यांनी इथला खव्याचा कुंदा दिला, एकाच वाटीत दोघींना. मी दुसरी वाटी मागून घेतली. मला कुणाचं उष्टं चालत नाही. पोटच्या पोरीचंसुद्धा नाही. अक्काताईंनी जरा बघितलं.

१३ नोव्हेंबर, बुधवार

आज खोकी उघडली. काय काय आहे त्यात! काळ्या तबकड्या, स्पूल, कॅसेटी, सीड्या, पेनड्राइव्ह. एक सिनेमातलं, एक सनईवरचं, एक बोरगावच्या बँडचं, एक कन्नडमधलं, एक शाळेतल्या पोरींनी समूहानं म्हटलेलं. एक मोबाइलची रिंगटोन आहे. एक डीजेचं, त्यात गाणं कमी आणि धडधड जास्त. एका गाण्याची लोकांनी एवढी वाट लावलेली मी पहिल्यांदा बघते.

प्रत्येक खोक्यावर यमनाप्पांच्या किरट्या अक्षरात एक शब्द आहे: एंजल. आधी वाटलं, हे इंग्रजी नाव इथं कुठनं आलं? मग कळलं, रेकॉर्डची कंपनी असणार. सूचीत 'कंपनी' असा रकाना आहेच, त्यात लिहून टाकलं. एंजल, एंजल, एंजल. तबकडीपासून रिंगटोनपर्यंत एकच कंपनी कशी, हा प्रश्न मनात आला होता. पण आप्पा (यमनाप्पांना इथं सगळे तसंच म्हणतात) खाली सूत मोजत होते, कोण जिने उतरतंय.

१६ नोव्हेंबर, शनिवार

एक किळसवाणी गोष्ट सापडली.

गाण्याचं तिसरं कडवं आहे, 'तुझ्या ताटातला घास दे उष्टा, मग मी तुझ्या घरची'. त्याच्या आधी क्षणभर थांबायचं असतं. सिनेमातल्या रेकॉर्डमध्ये त्या जागी हेडफोनमधनं चक्क थुंकल्याचा आवाज आला. आधी तोंडात थुंकी गोळा करण्याचा, मग पच्. मला वाटलं, गाणारीला खोकला असेल. दुसरी लावली, तिच्यातही. सनईत कुणी गात नाही, तरी आहे. शाळेच्या पोरींच्यात आहे. रिंगटोन जेमतेम वीस सेकंदांची, तिच्याही शेवटाला आहे. आवाज सगळीकडं एकच. दाट, ओला, गालात साठवलेला.

हेडफोन काढून मी कान साबणानं धुतले. वेडेपणा आहे, पण धुतले.

संध्याकाळी आरोही शेजारच्या पोरीबरोबर जिन्यात लिमलेटची गोळी खात होती. फ्रॉकचा काठ गोळीवर धरून दातांनी फोडायची आणि अर्धी अर्धी घ्यायची. मी ओरडले तर म्हणते, चिमणीच्या दातांनी फोडली की उष्टं होत नाही. हे तिला अक्काताईंनी शिकवलं. मीही लहानपणी ऐकलं होतं, केलं मात्र कधी नव्हतं. फ्रॉकवरचा तो लाळेचा ओला डाग बघून मला कसंसंच झालं.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

आप्पांबरोबर निपाणीला जाऊन आले. पहिली तबकडी तिथं एका घरी ठेवलेली होती, ती आणायची होती. वखारींच्या बाजूनं गेलो तर तंबाखूच्या वासानं डोळ्यांत पाणी आणि शिंकांवर शिंका. दारादारात राखेचे डबे, त्यात लोक थुंकतात. एका डब्यात माझा पदर जाता जाता वाचला. परत येईपर्यंत मी तो नाकाशी नेला नाही.

वाटेत आप्पांनी गाण्याचं मूळ सांगितलं. गाणं मालुबाईचं. वखारीत पानं निवडायची, गालात तंबाखूची गोळी ठेवून गायची. मुंबईहून रेकॉर्डिंगवाले आले, एका सावकाराच्या वाड्यात यंत्र मांडलं. ही थुंकेल म्हणून तिला आत घेतलंच नाही. उंबऱ्यात उभी करून गायला लावलं. तंबाखू टाक म्हणाले तर ती म्हणाली, त्याबिगर सूर लागत न्हाय. तिसऱ्या कडव्याच्या आधी ती वळून थुंकली, आणि ते तबकडीवर उतरलं. तबकडी रद्द झाली, आज आणली ती हीच. गाणं मात्र घेतलं. शहरातली एक बाई आत पाटावर बसून ते ऐकत होती, तिनं सिनेमात म्हटलं. मालुबाईचं नाव कुठंच आलं नाही. ती जाताना एवढंच बोलली, "माझ्या तोंडचं उष्टं हाय बाई. खाल्लंस न्हवं? मग मी आता तुमच्या घरची."

मी म्हटलं, म्हणजे तो आवाज. आप्पा म्हणाले, व्हय. मग मला बजावलं, "हाय तसं चढवा. काय काढू नका, काय घालू नका." मी मान हलवली.

खरं सांगायचं तर मला मालुबाईची दया आली नाही. आत घेतलं नाही ते बरंच केलं, असंच आलं मनात.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

काढून टाकला. कुणाला सांगणार नाही, पण इथं लिहिते.

कॉम्प्युटरवर आवाज रेघेसारखा दिसतो. थुंकण्याच्या जागी रेघ टम्म फुगलेली असते, पिकलेल्या पुळीसारखी. ती निवडायची, पुसायची, दोन टोकं जोडायची. एका रेकॉर्डला मिनिटभर लागतं. तीन दिवसांत त्रेसष्टच्या त्रेसष्ट साफ केली. सगळ्यात शेवटी मालुबाईची. आता गाणं कसं लख्ख वाटतं! सुनेला पाटावर बसवताना थुंकी कुणाला ऐकायची असते? आप्पांना फरकसुद्धा कळणार नाही.

फार दिवसांनी गुणगुणावंसं वाटलं. गळा फाटकाच, पण दोन ओळी निघाल्या.

२५ नोव्हेंबर, सोमवार

तोंडाला वास येतोय. तीनदा दात घासले, मीठ-पाण्यानं चुळा भरल्या. तंबाखूचा वास आहे. निपाणीतला नाकात बसलाय म्हणावं तर सहा दिवस झाले.

थुंकी फार सुटते. गिळवत नाही, कारण ती माझी वाटत नाही. कसं सांगू? दुसऱ्यानं चघळून दिल्यासारखी.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

डॉक्टरांनी घसा बघितला, काही नाही म्हणाले. खडीसाखर चघळा. त्यांच्या दवाखान्याच्या भांड्यात मी थुंकले तर तपकिरी पडलं. त्यांनी विचारलं, तंबाखू कधीपासून? मी इतकी चिडले की तपासणी अर्धी टाकून निघून आले.

बाहेर वरात चालली होती. बँड तेच गाणं वाजवत होता. तिसऱ्या कडव्याच्या आधी बँड थांबला आणि त्या थांबलेल्या जागी माझं तोंड भरून आलं. रस्त्यात थुंकले मी. भर रस्त्यात, बायामाणसांत. मी.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

वरातीची वाट बघावी लागत नाही आता. कुठं कुणाचा मोबाइल वाजला, खाली मागावर कुणी शीळ घातली, की तोंड भरतं. दाट. कधी पानाचे तुकडे असतात. आज एक केस होता, पांढरा. माझे सगळे काळे आहेत.

अक्काताईंनी कुंदा पाठवला. वाटीतला तो रवाळ तपकिरी गोळा बघितला आणि ओकले.

थुंकताना एक आवाज येत नाही, अनेक येतात. पोरींचा समूह असतो त्यात. सनई असते. मी मोजायचं नाही ठरवलंय.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

आप्पांना सूची दाखवली. ते बोट फिरवत 'कंपनी'च्या रकान्याशी आले आणि हसत सुटले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग म्हणाले, "कंपनी न्हवं ओ बाई. एंजलु. कन्नडात उष्टं म्हंत्यात त्याला. तोंडचं." उष्टं आहे, जसं आहे तसं राहू द्यावं, म्हणून त्यांनी प्रत्येक खोक्यावर लिहिलं होतं. त्यांना वाटलं, इथं येऊन राहिलेली बाई, एवढं कन्नड कळत असेल.

मग माझ्या तोंडाकडं बघून त्यांचं हसू गेलं. विचारलं, काय काढलंत काय त्यातलं?

मी सांगितलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

३० नोव्हेंबर, शनिवार

मूळ तबकड्या लावल्या, परत घालावं म्हणून. त्यात नाही. कॅसेटीत नाही, स्पूलमध्ये नाही. जिथनं मी पुसलंच नव्हतं तिथनंही गेलंय. मालुबाईची तबकडी गाते, थांबते आणि स्वच्छ पुढं जाते.

अक्काताई वर आल्या. मी तोंडाला फडकं धरून बसले होते. त्यांनी सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहिते. "त्रेसष्ट जणांनी एकेक घास वाटून घेतलता गं. कुणालाच जड झालं न्हाय. तू सगळं ताट एकटीनं पुसून घेतलंस."

सुटायचं कसं, विचारलं. म्हणाल्या, उष्टं दुसऱ्यानं खाल्लं की आपलं तोंड मोकळं. मग तुम्ही घ्या, मी म्हटलं. निर्लज्जपणे म्हटलं. त्यांना राग आला नाही. म्हणाल्या, "माझ्या तोंडात दात न्हाईत, सूर न्हाय. मालुबाईला गळा लागतोय. तुझा फाटलाय म्हणून ती अजून उंबऱ्यातच हाय."

आरोही तेव्हा जिन्यात गात होती. आम्ही दोघींनी ऐकलं. अक्काताईंनी माझा हात दाबला.

१ डिसेंबर, रविवार

आरोहीचं ताट, वाटी, पेला, टॉवेल, उशी वेगळी. तिचा मुका घ्यायचा नाही. तिला अक्काताईंकडं झोपायला पाठवलं. रडली. आई मला घाण म्हणते, असं खाली जाऊन सांगितलं तिनं.

घाण तू नाहीस बाळा.

दिवसभर गात होती खाली. हेच. दुसरं गाणं शिकवलं तरी फिरून हेच.

२ डिसेंबर, सोमवार

आता न थुंकता येतं बाहेर. ओठांच्या कडेनं. या पानावर दोन डाग पडलेत, ते शाईचे नव्हेत —

खडीसाखर चघळते तेवढा वेळ थांबतं. मोठा खडा. पण चव लागत नाही, पाच मिनिटांत तोही तपकिरी होतो. अर्धा झाला की कागदात गुंडाळून फडताळावर ठेवते. वर. आरोहीचा हात पोचत नाही तिथं.

तिला दोन दिवसांत दिपालीकडं सांगलीला पाठवायचं. माझी धाकटी बहीण. फोन केला. बोलता येईना, तोंड भरलं — आप्पांनी बोलून घेतलं.

३ डिसेंबर, मंगळवार

तोंडात बोलतात. त्रेसष्ट. आत घे. आत घे.

दात घासले. रक्त आलं. रक्ताला तरी माझी चव असेल वाटलं — नव्हती.

उद्या दुपारच्या गाडीनं आरोही जाते. उद्यापर्यंत फक्त —

४ डिसेंबर, बुधवार. सकाळी

तोंड स्वच्छ आहे!

झोपून उठले तर काहीच नाही. वास नाही. थुंकी पांढरी, पातळ, माझी. चहा प्यायले. आलं लागलं, साखर लागली! खिडकीत उभी राहून दोन ओळी म्हटल्या, फाटक्या आवाजात, आणि तिसऱ्या कडव्याआधी थांबले. काही आलं नाही. मी रडले. गेली ती. कंटाळून गेली असेल. आप्पांना सांगायला जाते, आणि आरोहीला आता पाठवायला नको, आज तिला माझ्या ताटात जेवायला —

त्याच दिवशी, दुपारी एक. माग बंद झाले

फडताळाखाली स्टूल होतं.

कागद उघडा. खडा नाही, नुसता चुरा.

आरोहीला विचारलं. पहाटे अक्काताई अंघोळीला गेल्या तेव्हा वर आली होती. मी झोपले होते. चिमणीच्या दातांनी खाल्ला गं आई, म्हणाली, उष्टं न्हाय झालं. फ्रॉकचा काठ दाखवला. ओला. तपकिरी.

तिला तुझ्या ताटातलं तू कधी देतच नाहीस, म्हणाली.

'मला' नव्हे. 'तिला' म्हणाली.

मग मूठ उघडली. अर्धा तुझ्यासाठी ठेवलाय.

आता आतल्या खोलीत गातेय. असा सूर मी उभ्या जन्मात ऐकला नाही. दुसरं कडवं — गल्लीतले लोक थांबलेत —

तिसऱ्याच्या आधी थांबली. पच्. माझ्या लेकीच्या तोंडातनं.

अर्धा खडा इथं वहीवर आहे. चिकट. तिची लाळ, फ्रॉकचा धागा, मालुबाई, सगळे. मी कुणाचं उष्टं खाल्लं नाही कधी. लेकीचंही नाही.

लेकीचं आहे.

घातला तोंडात.

गिळला. मालुबाई, आत ये. पाटावर बस. माझा गळा फाटका आहे पण घर माझं आहे, मी घेते आत. तिला सोड —

आरोहीचं गाणं थांबलं. आली. तिचं तोंड उघडून बघितलं, जीभ, गाल, दातांमागं. स्वच्छ. गुलाबी. खोकली, पाणी मागितलं, तिच्या पेल्यातनं प्यायली. दाराशी उभी राहून विचारते, आई, कोण गातंय गं एवढं छान?

मी तोंड मिटून लिहितेय.

दुसरं कडवं. तिला हातानं सांगितलं, खाली जा, अक्काताईंकडं जा, पळ. गेली. जिना वाजला. गेली ती, बरं झालं.

थांबलं. तिसरं येतंय. गाल फुगलेत. बेसिनपर्यंत पोचत नाही मी, वही तोंडाशी